आंबिलीचे दोन शब्द

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

केटरर! गुरूचा दुधनीहून फोन आला होता. म्हणाला, "काकू, यंदा येळवसची आंबील सोलापुरातून मागवू या का? एकजण डबे भरून देतो, चव बरी असते म्हणे." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी आईसुद्धा डब्यात भरून मागव." पाचवी ते बारावी माझ्या घरी राहून शिकला आहे, माझी जीभ त्याला नवी नाही.

त्याची आई रत्नम्मा, म्हणजे माझी थोरली जाऊ, शुक्रवारपासून माझ्या सोलापूरच्या फ्लॅटमध्ये आहे. मी तिला अक्का म्हणते. झटका येऊन तीन आठवडे झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्याने घरी सोडलं, पण रोज व्यायाम करून घ्यायला माणूस लागतं आणि दुधनीत तसं कोणी नाही. म्हणून मीच म्हटलं, माझ्याकडे आणा. माझे यजमान अण्णाराव गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे.

आंबिलीचं मात्र मी लिहून ठेवणार आहे. आजवर कोणी लिहून ठेवलं नाही म्हणूनच ही वेळ आली. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे सगळं घर शेतात जेवतं. कडब्याच्या खोपीत पूजा होते, आंबील शिंपडत पिकाला फेरी होते, मग पंगत. पंगतीत पहिला मान आंबिलीच्या पेल्याचा. भज्जी, उंडे, शेंगापोळी नंतर. अक्काच्या आंबिलीचा पेला घेतला की दोन भाकरी खाणारा चार खातो. ज्वारीचं पीठ तीन दिवस ताकात आंबवायचं, शिजवायचं, आलं-लसूण-मिरची वाटून लावायची, मातीच्या नव्या बिंदगीत भरायची. एवढं कोणालाही येईल. खरी गोष्ट मिठाची, आणि त्याला माप नाही. जिला चव ठाऊक ती चुलीकडे पाठ करून बसते. शिकणारी उभी राहते, तिच्या तळहातावर थेंब टाकते. बसलेली चाटते आणि म्हणते, "हाकु." कानडीत म्हणजे घाल. पुन्हा चिमूट, पुन्हा थेंब, पुन्हा हाकु. शेवटी म्हणते, "साकु." म्हणजे पुरे. तिथे हात थांबवायचा. नैवेद्याआधी दुसऱ्या कोणी जिभेला लावायची नाही. सासूबाईंनी अक्काला असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूने. तीन पिढ्यांची पाककृती, शब्द दोन.

चाळीस वर्षांत मी कानडीचे तेवढेच दोन शब्द शिकले. तेही दारातून. मला कधी कोणी बिंदगीपाशी उभं केलं नाही. "मड्डम, तू पेले भर की," अक्का म्हणायची. "पेले भराया बी शिकलेलं मानूस लागतं." सगळ्या बायका हसायच्या. मी चाळीस वर्षं पेले भरले.

येळवस ३० डिसेंबरला आहे. आंबील मी करणार. अक्का पाठ करून बसेल, मी उभी राहीन.

२७ नोव्हेंबर, बुधवार

अक्का बोलली!

सकाळी पेज भरवत होते. डॉक्टरांनी सांगितलंय, पातळ देऊ नका, ताठ बसवून चमच्याचमच्याने दाट द्या, दमली की थांबा. पाचव्या चमच्याला तिने तोंड वाकडं करून आवाज काढला, "आकु." मी म्हटलं, "काय अक्का?" पुन्हा तेच. "आकु." हाकु! तिला अजून हवं होतं. मी सगळी वाटी भरवली. रडूच आलं मला, आणि मला सहसा येत नाही.

लगेच मोबाइलवर तो आवाज टिपला आणि गुरूला पाठवला. खाली लिहिलं, "तुझी आई जेवायला मागते आहे." त्याने नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आईचा पहिला शब्द, आणि ह्याला चार अक्षरं लिहायला सवड नाही.

दुपारी बोलणं शिकवणारी मुलगी आली. तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. म्हणाली, "आजी, अजून नक्की नाही सांगता येणार. यांचं शब्दातलं पहिलं अक्षर पडतंय. पाणीचं आणी होतंय, चहाचं अहा." मी म्हटलं, "बाळ, मी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. गुलबर्ग्याच्या ट्रंक लाइनवर पाऊस, खरखर, तीन माणसं एकदम बोलत असायची, त्यातून मी नंबर उचलायची. माझा कान चुकत नाही." हल्लीच्या मुलींना वाटतं, मशीन लावल्याशिवाय काही ऐकूच येत नाही.

२ डिसेंबर, सोमवार

आज पाणी आलं, पाचव्या दिवशी. पिंप भरून झाल्यावर पहिली आंबील केली, सरावाची. पीठ शुक्रवारी भिजवलं होतं, वासावरून बरं आंबलं होतं.

अक्काला खुर्चीत बसवलं, गॅसकडे पाठ. माझ्या ओट्याला कुठली आली चूल! तिच्या डाव्या तळहातावर थेंब ठेवला, तो तळहात तिच्या ओठाला लावला. तिने चाटलं. कॉन्व्हेंटात सिस्टर एलिझा स्पेलिंग विचारायच्या तेव्हासुद्धा मी इतकी ताठ उभी राहिले नव्हते.

"आकु."

मीठ घातलं. थेंब दिला. "आकु." घातलं. "आकु." सात वेळा. आठव्या वेळी तिने मान फिरवली, डोळे मिटून घेतले. मीही थांबले. नंतर चाखून पाहिली तर थुंकावी लागली. मिठागर!

झटक्याने जिभेची चव जाते, असं कुठेतरी वाचलं होतं. तसंच असणार. हळूहळू येईल.

३ डिसेंबर, मंगळवार

सिद्धेश्वरीचा फोन. गुरूची बायको. "काकू, कशाला तरास करून घेता? आंबिलीची रेसिपी यूट्यूबला हाय की." मी म्हटलं, "सासूला पण यूट्यूबलाच घालून ठेव, येता-जाता बघता येईल." फोन ठेवल्यावर थोडं वाईट वाटलं. पोरगी वाईट नाही. लग्नानंतर दोन वर्षं तिने शिकायची खटपट केली होती, अक्कानेच तिला उभं केलं नाही. म्हणाली, "हात गार हाय हिचा."

माझा हात कसा आहे, हे तिने कधी पाहिलंच नाही.

८ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस वाईट गेला. लिहावं की नाही कळत नाही.

दुपारची खिचडी भरवत होते, अगदी मऊ घोटलेली. अर्धी वाटी झाल्यावर "आकु, आकु" सुरू झालं. मी भरवत राहिले. तिसऱ्यांदा म्हणाली आणि डाव्या हाताने वाटी उडवून दिली. भिंतीवर खिचडी, माझ्या साडीवर खिचडी. मी संतापले. म्हटलं, "अक्का, मागायचं पण तूच आणि फेकायचं पण तूच? मी तुझी शेतावरची गडीण आहे का?" ती रडायला लागली. डॉक्टर म्हणालेच होते, असे रुग्ण उगाचच रडतात किंवा हसतात, मनावर घेऊ नका. मी घेतलं नाही. तोंड पुसलं, पुन्हा वाटी आणली, ती मात्र संपवली.

भिंत पुसताना एक जुनी गोष्ट आठवली. मला मूल होणार नाही हे नक्की झाल्यावर वर्षभराने अक्का गुरूला घेऊन सोलापुरात आली होती. दहा वर्षांचा पोर, हातात पत्र्याची पेटी. तिने त्याला माझ्या पुढ्यात उभं केलं. "हा घे. ह्याला हितं इंग्लिश शिकव. येळवसला तेवढा धाडून दे." दुसरं काही बोलली नाही, चहासुद्धा घेतला नाही, तीनच्या गाडीने परत गेली. पुढे काही वर्षांनी येळवसच्या आदल्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "अक्का, यंदा मला उभं कर ना बिंदगीपाशी." ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पोर दिलं की तुला. आता घडा बी पायजे व्हय?"

त्या वाक्याला मी तीस वर्षं माफ केलेलं नाही. अजूनही करत नाही. पण आज भिंत पुसताना पहिल्यांदा वाटलं, पोर देऊन परतताना ती गाडीत रडली असेल का?

१२ डिसेंबर, गुरुवार

गुरू आला. नवी बिंदगी, घरची ज्वारी आणि कोरड्या भाकरीचा डबा घेऊन. अडतीचं दुकान बंद ठेवून आला, म्हणजे मोठीच मेहरबानी. आईजवळ बसला, कानडीत हळूहळू बोलत राहिला. तिने त्याचा हात धरला आणि दोनदा म्हणाली, "आकु." तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

तो उठला आणि बाल्कनीत गेला. बराच वेळ होटगी रोडकडे पाहत उभा होता. मी चहा घेऊन गेले तर डोळे लाल. म्हणाला, "काकू, मी तिला दुधनीला नेतो."

"आणि व्यायाम? आणि जेवण? तुझी बायको भरवेल अशी दोन दोन वाट्या?"

"भरवायचंच न्हाय आता एवढं."

"म्हणजे उपाशी मारायची?"

माझ्याकडे बघितलं त्याने. पोर असताना निकाल लपवून आणायचा तेव्हा असाच बघायचा. म्हणाला, "काकू, पुरे करा आता."

पुरे करा! मला! ज्याच्या आईला मी तीन आठवडे भरवते, धुते, कूस बदलते, तो मला पुरे करा म्हणतो. मी त्याने आणलेली बिंदगी उचलून आत ठेवली आणि म्हटलं, "तू केटरर शोध. मी थांबणार नाही."

जाताना पायाला हात लावून गेला. नेहमी लावतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

काल संध्याकाळपासून अक्काला ताप आहे, छातीत घरघर. आज दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, घास श्वासनळीत उतरत असणार. आता तोंडाने काही देऊ नका, नाकातून नळी घालू. गुरू नुसताच उभा. मी विचारलं, "बघतोस काय? हो म्हण." तो म्हणाला, "तिला काय पायजे ते..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असं म्हटलं, "तिला जेवायचंय! रोज हाकु म्हणते, मी माझ्या कानांनी ऐकते!"

त्याने सही केली. पेन माझंच होतं.

१८ डिसेंबर, बुधवार

अक्काने नळी दोनदा ओढून काढली. डावा हात अजून चांगला आहे. सिस्टर म्हणाल्या, हात बांधावा लागेल. मी म्हटलं, बांधू नका, मी धरून बसते. सकाळी नऊपासून पाचपर्यंत धरून बसले. तिच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. शेतातला हात आहे. चारनंतर तिने ओढायचं सोडून दिलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मला ती नजर नको होती.

२१ डिसेंबर, शनिवार

कमलम्मा आली. दुधनीचीच, अक्काची जन्माची मैत्रीण. येळवसला बिंदगी डोक्यावर घेऊन शेतात नेणारी तीच. पायातल्या चपला हातात धरून वॉर्डात शिरली, कारण फरशी चकचकीत होती. मी म्हटलं, घाला चपला, इथे सगळे घालतात. "ऱ्हाऊ दे मड्डम, पाय सोच्छ हाय माजा," म्हणाली.

खाटेपाशी बसली, अक्काच्या केसांतून हात फिरवला. नळीमुळे अक्काला धड तोंड उघडत नाही, तरी म्हणाली, "आकु."

कमलम्माने पदर तोंडात धरला. मग गुरूकडे वळून म्हणाली, "साकु अंताळ." आणि माझ्यासाठी मराठीत, "पुरे म्हनतीया वो ती."

मी म्हटलं, "हाकु. हाकु म्हणते ती. तुम्हाला नीट ऐकू येत नाही."

"न्हाय मड्डम. साट वर्सं ऐकतीया मी तिचं. साकु हाय ते. पुरे झालं, सोडा मला, म्हनतीया."

मी गुरूकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

अडाणी बाई. घरी येताना रिक्षात मी हेच म्हणत आले, अडाणी बाई, अडाणी बाई. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

२२ डिसेंबर, रविवार

दुपारी मोबाइलवरचा तो आवाज लावला. सत्तावीस नोव्हेंबरचा. चाळीस-पन्नास वेळा ऐकला. कानाला लावून, लांब ठेवून, डोळे मिटून.

"आकु."

पहिलं अक्षर नाही. नाहीच. ह नाही आणि स पण नाही. ती जागा मोकळी आहे. तिथे ह मी बसवला. मला चाळीस वर्षं तो शब्द तिच्या तोंडून हवा होता म्हणून.

त्या मुलीने सांगितलं होतं, पहिलं अक्षर पडतंय. याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. गुरू तर मराठीतच बोलला होता. पुरे करा, काकू.

सात चिमट्या मीठ. दोन दोन वाट्या. नळी. आणि तो हात मी धरला. आठ तास.

शाळेत आपली भाषा बोललं की गळ्यात लाकडी पाटी घालायचे, दिवसभर मिरवावी लागायची. माझ्या गळ्यात एकदाही आली नाही. किती अभिमान होता त्याचा मला. सासरी आल्यावर अक्का पहिल्या महिन्यात म्हणाली होती, "बस की हितं, कानडी शिकवते तुला." मी म्हटलं होतं, "मला काय उपयोग?"

२४ डिसेंबर, मंगळवार. दुधनी

काल मी आणि गुरू डॉक्टरांशी बोललो. ते चिडतील असं वाटलं होतं, चिडले नाहीत. म्हणाले, नळीने दिवस वाढतील, बाई परत येणार नाही. घरी न्या, ओठ ओले करत राहा, मागितलं तर जिभेला थेंब लावा. कागदावर मीही सही केली, जाऊ म्हणून.

नळी काढली तेव्हा अक्काने एक लांब श्वास सोडला. मी कोपऱ्यात उभी होते. जवळ जायचं धैर्य झालं नाही.

ॲम्ब्युलन्स वळसंगवरून, अक्कलकोटवरून आली. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवायला, कणसं टाकायला लागलेली. अक्काला दिसत होती की नाही कोण जाणे, पण मान तिकडे होती. घरी माजघरात खाट टाकली आहे. सिद्धेश्वरीने अंगावर चादर घातली आणि मला म्हणाली, "काकू, तुमी जेवला का?" मला यूट्यूब आठवलं. मान वर करून तिच्याकडे बघवेना.

गुरूला म्हटलं, "तुला तेव्हाच कळलं होतं. तू का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "सांगितलं की, काकू." मग आईची चादर सारखी करत म्हणाला, "आणि मला बी ते हाकुच ऐकायचं होतं."

संध्याकाळी पीठ ताकात भिजवलं. कोणी सांगितलं नाही, कोणी अडवलंही नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी अक्काला जरा जाग होती. कमलम्मा म्हणाली, "आंबील शिजवा मड्डम. वास तरी घिऊ दे तिला." चुलीवर शिजवली. लसूण कमलम्माने वाटला. दुधनीच्या चुलीवर नियम अक्काचाच, त्यामुळे मी जिभेला लावली नाही, कमलम्मानेही नाही.

खाट चुलीपाशी आणली. तिला टेकून बसवलं, पाठ चुलीकडे. मी बिंदगीपाशी उभी राहिले. चाळीस वर्षांनी.

मोजूनमापून एक चिमूट मीठ घातलं. तळहातावर थेंब ठेवला, तळहात ओठाला लावला. बराच वेळ काही नाही. मग जीभ हलली.

"आकु."

माझ्या बोटांत दुसरी चिमूट तयार होती. मी म्हटलं, "अक्का, हाकु का साकु?" तिने माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. तेवढं मी नक्की सांगू शकते, बाकी काहीच नाही. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "आकु." बस, तेवढंच.

आधीची प्रत्येक चिमूट मी घातली होती. ही मी परत बरणीत टाकली. म्हटलं, "साकु. कळलं, अक्का. पुरे."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, बरोबर आलं. आयुष्यात एकदा तिचं बरोबर ऐकलं.

माप लिहून ठेवते, पुन्हा कोणाची फसगत नको: दहा पेल्यांना एक चिमूट, वर काही नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

अक्का पहाटे गेली. गुरूचा हात तिच्या हातात होता. माझा पायाशी.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. दुपारी स्वतःच्या शेतात, खोपीपासून वीस पावलांवर, बसवून पुरली. तोंड पिकाकडे. कोणीतरी विचारलं, मग येळवस यंदा नाही ना? गुरू म्हणाला, "आमच्यात सुतक न्हाय. येळवस हुनार. तिला चाललं नसतं." मग माझ्याकडे बघून, "काकू आंबील करणार हायेत."

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

काल मोठी आंबील केली, गुरुवारी भिजवलेल्या पिठाची, साठ पेल्यांची. मापाने. सहा चिमट्या. बिंदगी कमलम्माने डोक्यावर घेतली, मी मागून चालले. खोपीत पूजा झाली. गुरूने आंबील शिंपडत पिकाला फेरी घातली, आरोळी देत. फेरी नव्या मातीपाशी आली तेव्हा त्याची आरोळी तुटली, ती मागच्या पोरांनी उचलली.

पंगत बसली. पेले मीच भरले, सवयच आहे. पहिला पेला त्या मातीपाशी ठेवून आले. मग सगळे प्यायले. चांगली झाली, चांगली झाली, असं दोघं-तिघं म्हणाले, पण दुसरा पेला कोणी मागितला नाही. अक्काच्या वेळी मी दमून जायची भरून भरून.

कमलम्माने पेला खाली ठेवला. ती खोटं बोलत नाही, तो तिचा दोष आहे.

"मीठ कमी हाय मड्डम."

मी माझा पेला तोंडाला लावला. कमी होतं. एका चिमटीने नव्हे, बरंच कमी.

म्हणजे शुक्रवारी ती हाकु म्हणाली होती. महिनाभर मला थांब म्हणत होती तेव्हा मी घालत राहिले, आणि शेवटी एकदा तिने मला बिंदगीपाशी उभं केलं, घाल म्हणाली, दोनदा म्हणाली, तेव्हा मी पुरे म्हणून बरणी बंद केली. तो शब्द मला मिळाला होता. मी तिच्यासमोरच तो परत टाकला.

हे मी मोठ्याने बोलले असणार, कारण गुरू म्हणाला, "काकू, तसं नसंल. असू दे. बरी हाय आंबील." आणि अख्खा पेला एका दमात प्यायला. लहानपणी माझी जळकी पोळी खायचा तसा.

कमलम्मा उठली. मिठाचं मडकं आणलं आणि बिंदगीपाशी उभी राहिली. सिद्धेश्वरीला म्हणाली, "पाट दे गं मड्डमना." मग मला, "बसा. पाठ करून. सांगा मला."

"मी? मला चव ठाऊक नाही."

"चाळीस वर्सं पेले भरताना वाटीतलं पीत न्हवता व्हय चोरून? ती बघत हुती की. म्हनायची, मड्डमची जीभ चांगली हाय, नुसतं बोलाया वापरती."

सगळे हसले. येळवसला चाळीस वर्षं हसतात तसेच. मीही हसले असते.

पाटावर बसले. पाठ बिंदगीकडे, तोंड शेताकडे. समोर ज्वारी, आणि ज्वारीच्या अलीकडे ती ओली माती. तळहात पुढे केला. थेंब पडला. चाटला.

"हाकु," मी म्हटलं.

चिमूट पडल्याचा आवाज येत नाही, पळी फिरल्याचा येतो. थेंब. "हाकु." पुन्हा थेंब. "हाकु."

पाचव्या थेंबाला ती चव आली. तीच. अक्काची. जराही इकडेतिकडे नाही.

आता दुसरा शब्द म्हणायचा होता. तोंड उघडलं, पण तो निघेना. मागे कमलम्मा चिमूट धरून थांबली होती, पंगत थांबली होती, गुरू थांबला होता. मी त्या मातीकडे बघत होते आणि माझ्या तोंडातून नुसतं "आकु" आलं.

"काय म्हनता मड्डम?" कमलम्माने विचारलं. "घालू का पुरे?"